अक्कासाठी शोधलेला आजार

तेहतीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी डिक्शनरीवरून पोरींना झापण्यात गेली. एखादी पोर शब्द काढायची, पहिली ओळ वाचायची आणि ‘बाई, सापडला’ म्हणून हात वर करायची. माझं डोकं सणकायचं. ‘आणि खालचं कोण वाचणार, अण्णा?’ असं मी एकदा भर वर्गात ओरडले. पोरी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. कोण हे अण्णा, त्यांना काय माहीत. अण्णा म्हणजे माझे वडील.

अण्णा औरंगाबादेत सरकारी दवाखान्यात रेकॉर्डचे कारकून होते. शेतकऱ्याघरचं पोर, पण निजामाच्या अमलात शाळा उर्दू, कचेरी उर्दू, दवाखानाही उर्दू. त्यामुळं अण्णांचं उर्दू अक्षर असं वळणदार होतं की लोक अर्ज लिहून घ्यायला घरी यायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि दोनेक वर्षांत दवाखान्यात इंग्रजी रजिस्टरं आली. पुण्याकडचे नवे डॉक्टर आले. सगळ्या दवाखान्याला दुखण्यांची नावं समजावून सांगणारे अण्णा चाळिशी उलटल्यावर पुन्हा बाराखडीला बसले. इंग्रजी अक्षरं त्यांना लावता यायची, टी.बी., मलेरिया असली रोजची नावं ओळखू यायची, पण त्यापलीकडचं सगळं अंधारात. ‘शिका, नाहीतर दुसरीकडं बदली’ असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

म्हणून त्यांनी शहागंजातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून वैद्यकाची जाडजूड इंग्रजी डिक्शनरी आणली. छावणीतल्या कुणा गोऱ्या डॉक्टरनं जाताना टाकून दिलेली असावी. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी. पुस्तकवाला अण्णांचा जुना दोस्त. तो म्हणाला होता, ‘ले जाव भाई, इसमें मर्ज ही मर्ज है, दवा एक नहीं.’ अण्णा हे सांगून सांगून हसायचे.

मी तेव्हा आठवीत होते आणि इंग्रजीत माझा नंबर कधी चुकला नव्हता. शाळेतून आले की दुपारचे आम्ही दोघं ओसरीवर बसायचो. डिक्शनरीतली बारीक अक्षरं अण्णांना दिसायची नाहीत आणि दिसली तरी कळायची नाहीत. मी वाचायचे, शाळेच्या डिक्शनरीत अडलेले शब्द बघायचे आणि मराठीत सांगायचे. अण्णांच्या वहीत एका शब्दाला तीन घरं असायची. पहिल्यात माझ्या अक्षरात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात त्यांच्या अक्षरात उर्दू नाव, आणि तिसऱ्यात मोडक्या मराठीत त्या शब्दाचं मूळ. मुळावर त्यांचा फार जीव. ‘असल बघ पोरी, असल,’ असं म्हणायचे. ‘माणसाचं गाव कळलं की माणूस कळतो. शब्दाचं बी तसंच.’

आणि पुस्तक होतंही तसंच, मुळांनी भरलेलं. मलेरिया म्हणजे वाईट हवा. इन्फ्लुएन्झा म्हणजे ग्रहताऱ्यांची छाया. कॅन्सर म्हणजे खेकडा. क्विन्सी म्हणून घशाच्या गळवाचं एक जुनं नाव होतं, त्याचं मूळ कुत्र्याचा गळा आवळण्यात निघालं, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘घसा सुजला माणसाचा, त्यात कुत्र्याचं काय चुकलं?’ जुन्या इंग्रजीत वैद्याला आणि जळवेला एकच शब्द होता हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी मला ताकीदच दिली, ‘हे डॉक्टरसाहेबांच्या कानावर जाऊ देऊ नको.’ कितीतरी शब्द असे होते की ते विलायतेतसुद्धा कुणी वापरत नव्हतं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही ते पाठ करत होतो.

या सगळ्यात अक्का नव्हती. अक्का अजिंठ्याला होती, सासरी.

आमची आई मी सहा वर्षांची असताना गेली. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे दहाची. त्या दिवसापासून माझी वेणी तिनं घातली, माझा ताप तिनं काढला, भाकरीचा पहिला पापुद्रा तिनं मला दिला. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासरची माणसं वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण सांगताना लोक लगेच सासूला राक्षस करतात. मळा होता, गुरं होती, घरात माणसांचा राबता होता. मारहाण नाही, उपास नाही. फक्त ते तिला माहेरी पाठवत नसत. ‘आई नसलेल्या माहेरी पोरीचं कोण करणार?’ हा त्यांचा सवाल. अण्णा पंचमीला मुऱ्हाळी म्हणून तिला आणायला गेले, तर त्यांना पुरणपोळी खाऊ घालून एकट्यालाच परत लावून दिलं.

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा दिवाळीला ती दोन दिवसांसाठी आली. बांगड्या पार कोपरापर्यंत मागं सरकत होत्या. गालाची हाडं वर आली होती. मी म्हटलं, ‘काय झालंय गं तुला?’

‘काय नाय. भूक लागत नाय.’

दोन दिवस ती घरभर फिरून एकेका वस्तूला हात लावत होती. पाट्याला, कंदिलाला, माझ्या दप्तराला. निघायच्या सकाळी तिनं मला मोरीजवळ ओढलं आणि म्हणाली, ‘मला इथं आणा गं. थोडे दिस तरी. अण्णांना सांग, काय बी करा पण आणा. मी तिथं मरीन.’ हे सांगताना ती रडली नाही, आणि त्याचंच मला भय वाटलं.

मी अण्णांना सांगितलं. दोन दिवसांनी ते म्हणाले, ‘आजारपणाचं कारण असल्याबिगर ते धाडणार नाहीत. पुस्तक काढ.’

अशी आम्ही अक्कासाठी दुखणी धुंडाळायला सुरुवात केली. दुखणं असं हवं होतं की ते ऐकून सासरचे तिला पाठवतील, पण असं नको की परत घेणार नाहीत. महारोग, वेड, फेफरं ही नावं अण्णा काढूसुद्धा देत नव्हते. आणि ते अगदी खोटंही नको. अण्णांनी आयुष्यात रजिस्टरात एक शब्द खोटा लिहिला नव्हता आणि पत्रातही लिहायचा नव्हता.

पहिला शब्द मलाच सापडला. नॉस्टॅल्जिया. मूळ ग्रीक: घरी परतण्याचं दुखणं. आमच्या त्या पुस्तकात तो चक्क आजार म्हणून दिला होता. मुलुखापासून लांब असलेल्या शिपायांना होतो, अन्न जात नाही, बारीक ताप येतो, माणूस मरूही शकतो. उपाय एकच, घरी पाठवणे. अक्काच समोर येऊन बसल्यासारखं झालं. अण्णा वही घेऊन तसेच दवाखान्यात गेले आणि नव्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर खदखदून हसले. ‘अहो, हा आजार शंभर वर्षांपूर्वी होता. आता तो नाही.’ अण्णा घरी आले ते कान पाडून. शब्द पुस्तकातून गेला म्हणून माणसातून आजार जातो का, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. शिवाय सासरचे काय म्हणाले असते? कोणत्या सुनेला माहेर आठवत नाही!

मग आम्ही ‘डेबिलिटी’ लिहून पाठवलं. अशक्तपणा. आठ दिवसांत उत्तर आलं: आमच्या घरी दुधातुपाला तोटा नाही, काळजी नसावी.

त्यानंतरच्या रविवारी मी पी अक्षर चाळत होते. पी, एच, टी, एच अशी चमत्कारिक सुरुवात असलेला एक शब्द दिसला. थायसिस. मी वाचलं आणि अण्णांना सांगितलं: मूळ ग्रीक, झिजणे, कमी कमी होत जाणे.

अण्णा ताडकन सरळ बसले. ‘झिजणे? तेच तर झालंय पोरीला. अजून काय लिहिलंय?’

अजून चार ओळी होत्या. त्यांत फुप्फुसाचा उल्लेख होता. तो शब्द आमच्या शाळेत नुकताच झाला होता. पुढं कन्झम्पशन पहा असं लिहिलं होतं, आणि त्याच्याही पुढं एक शब्द होता, ज्याची सुरुवात टी यू बी अशी होती. मी चौदा वर्षांची होते, पण ठोंबी नव्हते. दवाखान्यातल्या कारकुनाची मुलगी होते. टी.बी. काय असतो ते मला पक्कं माहीत होतं. मला हेही कळलं की हे वाचून दाखवलं तर अण्णा तो शब्द लिहिणार नाहीत, आणि अक्का येणार नाही.

‘एवढंच,’ मी म्हटलं आणि पुस्तक मिटलं.

पत्र अण्णांनी मराठीत लिहिलं. तो एक शब्द मात्र माझ्या हातानं इंग्रजीत लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं. दवाखान्यातल्या माणसाच्या पत्रात इंग्रजी आजार आला की लोक फार खोलात जात नाहीत, वचकतात आणि ऐकतात, असा अण्णांचा हिशेब होता. दोन महिने हवापालटाला पाठवा, असं खाली होतं. शब्द इतका अवघड होता की अजिंठ्यात कुणाला तो वाचताही येणार नाही अशी माझीही समजूत होती. घाबरतील, पण कशाला घाबरतोय हे त्यांना कळणार नाही. चौदाव्या वर्षी हे मला फार हुशारीचं वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी अक्का दारात आली. सोबत धाकटा दीर. त्यानं आत पाऊल ठेवलं नाही, पाणी घेतलं नाही. तिचं गाठोडं, तिची वळकटी आणि एका फडक्यात वेगळं बांधलेलं ताट, वाटी, तांब्या त्यानं ओट्यावर ठेवलं. तो बाहेरूनच सांगत होता, त्याच्या वडलांनी पत्र सिल्लोडला नेलं होतं. तिथं एक म्हातारे डॉक्टर होते, जुन्या काळात शिकलेले. त्यांना चष्मासुद्धा लावावा लागला नाही. म्हणाले, हे आमच्या वेळचं नाव, हा क्षय.

मी ऐकत नव्हते. मी अक्काकडे पळत सुटले होते. ती दोन पावलं मागं सरली, तोंडावर पदर धरला आणि ओरडली, ‘जवळ येऊ नको! लांब हो गं, लांब!’

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण असं मी बरीच वर्षं समजत होते.

दुसऱ्याच दिवशी अण्णा तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटांनी वाजवून बघितली आणि अण्णांना एकट्याला बोलावून सांगितलं, टी.बी.बिबी काही नाही, पोरीला खाऊपिऊ घाला. अक्का बाहेर बाकावर, सगळ्यांपासून लांब बसली होती. अण्णांनी तिला सांगितलं नाही. घरी आल्यावर मला परसात बोलावून म्हणाले, ‘तू बी सांगू नको. हिच्या पोटात काय राहत नाय. उद्या नवऱ्याला लिहील, की मला कायच झालं नव्हतं. मग लबाडीनं लेक नेली असं व्हईल. दोन महिने जाऊ दे, बरी झाली म्हणून डॉक्टरांचा कागद देऊ, ती नांदायला गेली की मग सांगू.’ मग त्यांनी विचारलं, ‘पण पुस्तकात हे कसं नव्हतं गं?’

‘नव्हतं,’ मी म्हटलं.

अक्का दोन महिन्यांत भरली. गालांवर तजेला आला, केस दाट झाले. तिला वाटलं कॉडलिव्हर ऑइलनं गुण आला. डॉक्टरांचा कागद अजिंठ्याला गेला, पण उत्तर आलं नाही. दुसरा गेला. मग अण्णा स्वतः गेले आणि त्याच संध्याकाळी परत आले. वेशीवरच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जावयाचं दुसरं लग्न लागलं. आजाराच्या कागदावर ज्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला, त्यांनी बरं झाल्याचा कागद वाचलासुद्धा नव्हता.

अण्णांनी टोपी खुंटीला लावली आणि अक्काला सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. ‘त्यांचं तरी काय चुकलं,’ ती म्हणाली. ‘दुखणंच तसलं.’

त्यानंतर अण्णांना सांगता येईना. सांगणं म्हणजे तुझा संसार आम्ही मोडला असं म्हणणं. त्यांनी ती डिक्शनरी कापडात बांधून माळ्यावर टाकली. पुढची वीस वर्षं ते अक्काशी जरा जास्तच मऊ बोलत राहिले आणि एक दिवस गेले. चूक पुस्तकाची होती असं समजूनच गेले. मी त्यांनाही खरं सांगितलं नाही.

‘सांगायचं राहून गेलं’ असं म्हटलं तर ऐकणारे मान डोलावतील. राहून वगैरे काही गेलं नाही. मी ठेवलं. कारण अक्कानं पहिला प्रश्न विचारला असता, तुला कधीपासून माहीत होतं?

अक्का शिवणकाम करायची. माझं लग्न झालं, नोकरी लागली, पुढं आम्ही पुंडलिकनगरात घर बांधलं आणि तिला नि अण्णांना आमच्याकडेच आणलं. ती वेगळ्या ताटात जेवायची, ते ताट स्वतः घासायची, स्वतःचं अंथरूण दाराशी टाकायची. मला एकच मुलगा. त्याची झबली तिनं शिवली, टोपडी तिनं शिवली, दुपटी तिनं धुतली, पण त्याला कधी कडेवर घेतलं नाही. शेजारच्या खोलीतून ती त्याला गाणी म्हणायची आणि तो या खोलीत झोपायचा. रांगायला लागल्यावर तो थेट तिच्याकडेच जायचा. ती उठून मागं सरायची, पदर तोंडावर, हात पुढं. ‘लांब राजा, लांब.’ पोर रडायचं. तिचेही डोळे भरलेले असायचे.

मी म्हणायचे, ‘अगं, किती वर्षं झाली, बरी झालीस ना आता?’

‘त्या दुखण्याचा नेम नसतो. दवाखान्यातल्या माणसाची लेक आहे मी.’

वाक्य माझ्या तोंडात तयार असायचं. मी ते गिळायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. मला माझी लाज वाटते. तेव्हाही वाटायची, पण लाजेनं मी एकदाही तोंड उघडलं नाही.

अक्का सत्तरीला आली असताना तिला न्यूमोनिया झाला. ॲडमिट करावं लागलं. एक तरुण डॉक्टरीण होती, गोड बोलणारी. तिनं विचारलं, ‘आजी, आधी कुठला मोठा आजार?’

‘टी.बी. झालता,’ अक्का म्हणाली. ‘लई जुनी गोष्ट. अण्णांनी वाचवलं मला.’

डॉक्टरणीनं एक्स-रे उजेडासमोर धरला. न्यूमोनिया कुठं आहे ते दाखवलं आणि बाकीच्या छातीवरून बोट फिरवत म्हणाली, ‘कुणी सांगितलं हो तुम्हाला? जुनी खूणसुद्धा नाही कुठं. टी.बी. झालेला दिसत नाही तुम्हाला.’

अक्का हसली. ‘नाय बाई, असं कसं,’ असं म्हणत तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे बघत होते. तिचं हसणं मला ऐकू येईनासं झालं.

डॉक्टरीण पुढच्या पेशंटकडे गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. पी अक्षर, पहिली ओळ, पुढच्या चार ओळी. ‘एवढंच’ म्हटलं ते. अण्णांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं ते. तिनं नवऱ्याचं विचारलं नाही, अजिंठ्याचं विचारलं नाही.

मग म्हणाली, ‘म्हंजे तुझ्या पोराला मी घेतलं असतं, तर त्याला काय झालं नसतं?’

‘नसतं.’

‘कधीच?’

‘कधीच नाही, अक्का.’

ती कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा पुण्याहून आला. चाळिशी ओलांडलेला, कानशिलं पांढरी, डोळ्यांवर जाड चष्मा. जन्मभराच्या सवयीनं तो खाटेच्या पायथ्याशी थांबला. ‘जवळ ये,’ अक्का म्हणाली. तो एक पाऊल पुढं आला. ‘अजून.’ तो खाटेच्या काठावर बसला. सलाइन लावलेल्या हातानं तिनं त्याचं डोकं ओढून आपल्या छातीवर दाबलं. तो वाकडातिकडा वाकलेला, चष्मा गालात रुतलेला, हातांचं काय करावं हे त्याला कळेना. सिस्टर ओरडल्या, आजी, सुई निघेल. अक्कानं त्याला सोडलं नाही.

ती त्यानंतर पाचच दिवस होती. त्याच्याशी बोलली, सिस्टरशी बोलली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलली. मी दाराशी उभी राहायचे. मला तिनं जवळ बोलावलं नाही.